वय खाली आणण्याआधी डोंगरीकडे बघा

मा. अदिती तटकरे,
महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

मा. अदितीताई,

राज्यात कुठे सतरा वर्षांच्या पोराच्या हातून खून झाला, कोयता निघाला, गाडीखाली माणसं चिरडली गेली, की दोन दिवसांत एक मागणी पुढे येते. वयाची अट खाली आणा. सोळाची चौदा करा. या मुलांना मोठ्यांसारखंच कोर्टात उभं करा. ही मागणी नाक्यावर होते, बातम्यांत होते आणि जबाबदार पदांवरची माणसंही ती बोलून दाखवतात. हे पत्र त्या मागणीच्या विरोधात आहे. ते गृहखात्याला न लिहिता आपल्याला लिहितो आहे, कारण बाल न्याय मंडळं, निरीक्षणगृहं, परिविक्षा अधिकारी आणि सुटून आलेल्या मुलांची पुढची सोय हे सगळं आपल्या खात्याकडे येतं. दिल्लीत झालेला कायदा बदलणं आपल्या एकट्याच्या हातात नाही. तो मुंबईत नीट चालतो की नाही, हे मात्र आहे.

मी परळच्या एका रात्रशाळेत मराठी शिकवतो. दिवसभर कुरिअरची पाकिटं वाटून, कॅन्टीनमध्ये टेबलं पुसून संध्याकाळी सातला बाकावर येऊन बसणारी सोळा-सतराची मुलं रोज माझ्यासमोर असतात. कायद्यातलं हे वय मला पुस्तकात शोधावं लागत नाही.

लोअर परळ ओलांडलं की महालक्ष्मीला शक्ती मिल लागते. वर्षानुवर्षं बंद, छप्पर गेलेली, झाडोऱ्यात बुडालेली. २२ ऑगस्ट २०१३ च्या संध्याकाळी तिथे कामासाठी गेलेल्या एका तरुण छायापत्रकारावर पाच जणांनी सामूहिक बलात्कार केला. तिच्या सहकाऱ्याला त्यांनी बांधून ठेवलं होतं. ती गप्प बसली नाही. तिने तक्रार केली म्हणून आणखी एक मुलगी पुढे आली. टेलिफोन ऑपरेटरचं काम करणारी. तिच्यावर ३१ जुलैला त्याच आवारात तेच घडलं होतं आणि तोवर ती कुणाकडे बोलू शकली नव्हती. या दोघींच्या धैर्यामुळे ते प्रकरण उभं राहिलं, हे आधी सांगितलं पाहिजे. अल्पवयीन आरोपींबद्दल पुढे जे लिहितो आहे, ते या दोघींना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहितो आहे.

दोन्ही गुन्ह्यांत प्रौढांबरोबर एकेक अल्पवयीन मुलगा होता. प्रौढांचा खटला सत्र न्यायालयात चालला. उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते. मार्च २०१४ मध्ये दोषसिद्धी झाली आणि ४ एप्रिलला न्यायाधीश शालिनी फणसळकर-जोशी यांनी तिघांना फाशी सुनावली. (नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती बदलून मरेपर्यंत जन्मठेप केली.) घटनेपासून शिक्षेपर्यंत आठ महिनेही लागले नाहीत. दोन अल्पवयीन मुलांची चौकशी बाल न्याय मंडळापुढे चालली. मंडळाने त्यांना दोषी ठरवून तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल स्कूलमध्ये पाठवलं, ते जुलै २०१५ मध्ये. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. चौकशी चार महिन्यांत संपवावी, असं तेव्हाच्या २००० च्या बाल न्याय कायद्यातही लिहिलेलं होतं.

त्या वेळी सगळा राग एका आकड्यावर निघाला. तीन वर्षं? फक्त तीन? राग खोटा नव्हता. पण दुसरा आकडा कुणी विचारलाच नाही. ज्या यंत्रणेने सगळ्यांत लवकर हालचाल करायची, तिलाच सगळ्यांत जास्त वेळ का लागला? मोठ्यांच्या कोर्टाला आठ महिने पुरले आणि लहानांच्या मंडळाला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत सतराचा मुलगा एकोणीसचा होतो. ज्या वयात त्याला वळवता येईल म्हणून हा वेगळा कायदा केला, ते वय चौकशीतच संपतं. आणि जिच्यावर अत्याचार झाला ती मुलगी दोन वर्षं निकालाची वाट बघत राहते. कायदा मवाळ आहे असं आपण म्हणतो, पण इथे कायद्याला माणसं, वेळ आणि लक्ष मिळालं नाही.

शक्ती मिलच्या आधी दिल्लीतली १६ डिसेंबर २०१२ ची सामूहिक बलात्काराची घटना घडली होती. त्यानंतर नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्येच सांगितलं होतं की वय कमी करू नका. सर्वोच्च न्यायालयानेही त्या वर्षी जुलैत वयाला हात लावायला नकार दिला. पुढे सोळा ते अठराच्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालवू देणाऱ्या नव्या बाल न्याय विधेयकाला संसदेच्या स्थायी समितीनेही विरोध केला. तरीही २० डिसेंबर २०१५ ला दिल्लीच्या प्रकरणातला अल्पवयीन सुटला आणि दोन दिवसांत राज्यसभेने विधेयक मंजूर केलं. रस्त्यावर मेणबत्त्या जळत असताना केलेला कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. तेव्हापासून सोळा ते अठरा वयाच्या मुलाने ‘अतिगंभीर’ गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ आधी ‘प्राथमिक मूल्यमापन’ करतं आणि त्याला प्रौढासारखं बाल न्यायालयात पाठवायचं का, ते ठरवतं.

अदितीताई, या मूल्यमापनाकडे आपण स्वतः एकदा बारकाईने बघावं. वयाच्या वादापेक्षा ते कितीतरी महत्त्वाचं आहे. कलम १५ सांगतं, मुलाची गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता तपासा, परिणाम कळण्याची कुवत तपासा, कोणत्या परिस्थितीत गुन्हा घडला ते बघा. आणि हे सगळं तीन महिन्यांत. गुन्हा त्यानेच केला का, हे अजून ठरलेलं नाही. साक्षीपुरावा व्हायचा आहे. तरी ‘कोणत्या परिस्थितीत केला’ हे विचारायचं. ज्याने काही केलंच नाही, तो मुलगा या प्रश्नाला काय उत्तर देणार? ‘मी नव्हतो’ म्हटलं तर तो मोकळेपणाने बोलत नाही असा शेरा बसतो. बोलला, तर ते कबुलीसारखं वाटतं. हाच कायदा कलम ३ मध्ये अठरापर्यंत प्रत्येक मुलाला निर्दोष धरायला सांगतो.

शिवाय ‘परिणाम कळतात का’ ही कसोटीच लंगडी आहे. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला विचारा, चाकू मारला तर काय होतं? माणूस मरतो, पोलीस नेतात, आई रडते. बारा वर्षांच्या मुलालाही हे माहीत असतं. कळण्यात खोट नसते. खोट असते ती त्या क्षणी थांबता येण्यात, आणि ती सगळ्यांत जास्त दिसते चार जण सोबत असताना. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. गाडी चालवण्याचा एक खेळ काहींना एकट्याने आणि काहींना मित्रांसमोर खेळायला दिला. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला, प्रौढांत मात्र जवळजवळ फरक पडला नाही. लालबागच्या कुठल्याही गल्लीत उभं राहिलेल्या माणसाला हे प्रयोगाशिवायही माहीत आहे. एकटा असताना म्हाताऱ्या आजीचा हात धरून रस्ता ओलांडून देणारा मुलगा टोळक्यात असताना तिलाच धक्का देऊन पुढे जातो. शक्ती मिलमध्येही टोळकंच होतं, आणि त्यातली मोठी माणसं आधीच सरावलेली होती. गुन्ह्याची जबाबदारी यातून कमी होत नाही. पण मंडळापुढे खुर्चीत एकट्या बसलेल्या मुलाशी शांतपणे बोलून त्याचं त्या संध्याकाळचं मन वाचता येतं, हे गृहीतक तेवढ्यावरच कोसळतं.

न्यायालयांनाही हे दिसलं आहे. नागपाड्यातल्या एका लहान मुलीच्या अपहरण आणि हत्येच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की प्रौढ म्हणून खटला हा आपोआप घ्यायचा निर्णय नाही, तो जाणीवपूर्वक आणि तोलून मापून घ्यायचा असतो. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मूल्यमापनाला अत्यंत नाजूक काम म्हटलं, आणि मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा मानसोपचाराचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं ठरवलं. पण त्या तज्ज्ञाने मुलाला किती वेळा भेटावं, घरी जावं का, शाळेत चौकशी करावी का, हे कायद्यात लिहिलेलं नाही. ते राज्याला नियमांत ठरवता येतं. एका भेटीत वीस मिनिटं बोलून दिलेला अहवाल एखाद्या मुलाचं आयुष्य फिरवू शकतो, आणि आज कायद्यात त्याला अडवणारं काही नाही.

‘अतिगंभीर’ हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर शक्ती मिल येते. कायद्यात त्याचा अर्थ इतकाच की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो. आता आमच्या भागातली एक नेहमीची गोष्ट सांगतो. चाळीतला सतराचा मुलगा, शेजारच्या इमारतीतली सोळाची मुलगी. गणपतीत मंडपाच्या कामात ओळख होते, पुढे दोघं घर सोडून कोकणात मामाकडे पळतात. मुलीचे वडील पोलीस ठाण्यात जातात. अठराच्या खालच्या मुलीची संमती कायदा धरत नाही, म्हणून बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पोक्सो कायदा लागतो, आणि त्यातल्या शरीरसंबंधाच्या कलमांना किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. झाला तो मुलगा ‘अतिगंभीर’ गुन्ह्यातला. प्रौढ म्हणून खटल्याची चर्चा आता त्याचीही. वय चौदावर आणलं, तर पंधराच्या पोरालाही त्याच रांगेत उभं करायचं. वय कमी करायला टाळ्या वाजवणाऱ्या किती आईबापांना हे ठाऊक आहे? आपल्या घरातला मुलगा त्या रांगेत असेल, अशी कल्पनाही त्यांनी केलेली नसते.

पुण्याबद्दल लिहायलाच हवं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. काही तासांत जामीन, तीनशे शब्दांचा निबंध, आणि महाराष्ट्र पेटला. मीही त्या दिवशी खूप चिडलो होतो. पण मुलाला जामीन देणं हा या कायद्यात नियमच आहे, जामीनदार असो वा नसो. खरा काळिमा नंतर उघड झाला. ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलण्यात आला, डॉक्टरांना अटक झाली. हे मोठ्या माणसांनी केलं. महाराष्ट्रात कडक दारू प्यायला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तरीही त्या मुलाला दारू देणारे मोठेच होते. गाडीची किल्ली हातात देणारेही मोठेच. त्याला प्रौढ ठरवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. समजा मान्य केली असती, तर रक्त बदलणाऱ्यांचं काय बिघडलं असतं? आणि तो दिलासा, काही तासांत मिळालेला, वडाळ्याच्या किंवा शिवडीच्या झोपडीतल्या मुलाला मिळतो का? कायदा तोच आहे. त्याच्या आईला वकील मिळत नाही, जामिनाचे कागद कोण लिहून देणार हे कळत नाही, शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तर मुलाचं वय सिद्ध करणंही अवघड जातं.

मोठ्यांचा विषय निघालाच आहे, तर लालबाग-परळचा जुना घाव आठवतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कित्येक कधीच परत आत गेले नाहीत. त्या घरांतल्या पोरांना पुढे कोणी उचललं, हे इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा. टोळ्यांनी पोरं वापरली. आधी निरोप पोचवायला, मग सामान ठेवायला, मग काम करायला. आजही पोरांनाच पुढे करतात, आणि ‘हे अठराच्या आत आहेत, सुटतील’ असा हिशेब करणारा बाप्या मागे उभा असतो. या बाप्यासाठी कायदा आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ८३ म्हणतं, मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. टोळीत अल्पवयीन मुलगा सापडला, की त्याच्यासोबतच्या प्रत्येक प्रौढावर हे कलम लागलंच पाहिजे, असा आग्रह आपण गृहखात्याकडे धरावा. मुलाचं वय खाली आणण्यापेक्षा टोळीचा हिशेब अशाने बदलेल.

प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्या मुलाचं पुढे काय होतं? एकवीसपर्यंत त्याला सुरक्षित जागी ठेवतात, मग तपासणी होते, आणि सुधारणा दिसली नाही तर तुरुंग. शिक्षा संपल्यावरही त्याची नोंद पुसली जात नाही. इतर मुलांची पुसली जाते, याची नाही. म्हणजे सिक्युरिटी गार्डच्या नोकरीसाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला, की दार बंद. आर्थर रोडच्या तुरुंगात क्षमतेच्या तिपटीहून जास्त माणसं कोंबलेली असतात. अशा ठिकाणी विशीतल्या मुलाने कोणाची संगत धरायची, हे कोणाला सांगायला नको. अमेरिकेने नव्वदच्या दशकात मुलांना मोठ्यांच्या कोर्टांत धडाधड पाठवलं. २००७ मध्ये तिथल्या रोग नियंत्रण संस्थेने (सीडीसी) प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात दिसलं की अशा मुलांकडून पुढे होणारे गुन्हे सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त होते. म्हणजे पुढच्या पीडितांची संख्या वाढली.

मागणी करणाऱ्यांना देशाचे आकडेही सांगावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अल्पवयीन आरोपींविरुद्ध ३०,५५५ गुन्हे आहेत, एकूण नोंदलेल्या गुन्ह्यांत सुमारे दोनशेत एक. पकडलेल्या ३७,७८० मुलांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के सोळा ते अठराचीच होती. चौदा-पंधराची मुलं त्या मानाने थोडी.

तरीही ‘मग त्या मुलीचं काय?’ हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळणाऱ्याला या विषयावर बोलायचा अधिकार नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत असं झालं असतं, तर तीन वर्षं हा आकडा मला सहन झाला नसता. म्हणून मी तीन वर्षांचा कैवार घेत नाही. सर्वांत भीषण गुन्ह्यांसाठी तीन वर्षं कमी वाटत असतील, तर मुलांच्याच यंत्रणेत मुदत वाढवा, दरवर्षी न्यायालयाने आढावा घ्यावा, आणि पीडितेचं म्हणणं त्या आढाव्यात ऐकलं जावं. जर्मनीत अल्पवयीनांचा स्वतंत्र कायदा १९२३ पासून आहे. तिथे गंभीर गुन्ह्यासाठी किशोरवयीनाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण ती किशोरांच्याच न्यायालयात आणि किशोरांच्याच तुरुंगात. अठरा ते एकवीसच्या तरुणांनाही न्यायाधीश हा कायदा लावू शकतात. दिल्लीला पत्र लिहायचंच असेल तर ‘चौदा’ न लिहिता हे लिहा.

आता शीर्षकातल्या डोंगरीकडे येतो. तिथलं बालगृह उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात आहे. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या अब्रूनुकसानीच्या प्रकरणात टिळक आणि आगरकर याच तुरुंगात १०१ दिवस होते. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं, म्हणून मराठी माणसाला या भिंती ओळखीच्या आहेत. मुलांसाठी वेगळी वाट शोधायचा प्रयत्न या शहराने फार आधी केला. माहीमची डेव्हिड ससून सुधारशाळा १८५७ ची. मुंबईचा बालक कायदा १९२४ चा. चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची. शंभरहून अधिक वर्षांचा हा वारसा आज आपल्या खात्याच्या ताब्यात आहे.

म्हणून मागतो ते नेमकं मागतो. राज्यातल्या प्रत्येक मंडळाला पूर्णवेळ बालमानसतज्ज्ञ नेमा, आणि मूल्यमापनाच्या अहवालाआधी किमान किती भेटी, घरी किती, शाळेत किती, हे नियमांत लिहा. परिविक्षा अधिकाऱ्याकडे एका वेळी किती मुलं असावीत याची मर्यादा ठरवा. आज त्या अधिकाऱ्याकडून मुलाच्या घरचा खरा अहवाल हवा असतो, पण त्याला त्या घरापर्यंत जायला सवड लागते. अठरानंतर सुटणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षण गृहं, नोकरी आणि राहायची सोय खात्याने स्वतः उभी करावी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’सारख्या प्रकल्पांनी तीसहून अधिक वर्षं हे काम केलं आहे. सरकारची जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकू नका.

आणि पुढच्या अधिवेशनात सभागृहासमोर चार गोष्टी ठेवा. राज्यात प्रत्येक मंडळापुढे किती चौकश्या चार महिन्यांच्या वर रखडल्या आहेत, २०१६ पासून किती मुलांना प्रौढ म्हणून पाठवलं, त्यातल्या किती जणांवर फक्त पळून जाण्याचं पोक्सो प्रकरण होतं, आणि कलम ८३ खाली किती प्रौढांवर खटला चालला. ही उत्तरं मिळाल्यानंतरच कोणत्याही सदस्याने वय कमी करण्याचा ठराव मांडावा, असा आग्रह आपण धरावा, ही विनंती.

आपला,
परळच्या रात्रशाळेतला एक मराठी शिक्षक